मुले शाळेतल्या खेळात का टिकत नाहीत? यात मोबाइलचा दोष किती?

आपला प्रश्न असा की, शाळेत खेळाचा तास असतो, स्पर्धाही होतात, तरी मुले, विशेषतः मुली, नियमित सरावाला का टिकत नाहीत, आणि याचे मूळ मोबाइलमध्येच आहे का. एका तालुक्याच्या गावी मी गेली अकरा वर्षे शाळा सुटल्यावर खो-खो शिकवतो. माझ्या अनुभवात मोबाइलचा क्रमांक बराच खाली लागतो. आमच्या मैदानावरून सर्वाधिक मुली गेल्या त्या परतीच्या एसटीमुळे.

शाळा पाचला सुटते, सराव सव्वापाचला सुरू होतो आणि वाड्यांकडे जाणारी शेवटची गाडी पावणेसहाला निघते. ग्रामीण भागातील मुलींना एसटीचा पास मोफत आहे आणि त्यामुळे कित्येक जणींचे शिक्षण सुटले नाही, हे खरेच. पण गाडी सरावासाठी थांबत नाही. सातवीतली एक मुलगी खांबाजवळ असा सूर मारायची की समोरच्या धावपटूला वळायलाही वेळ मिळत नसे. एकदा तिला खो मिळाला आणि ती उठली ती थेट स्थानकाच्या दिशेने पळत सुटली; गाडीचा भोंगा तिने आमच्या आधी ऐकला होता. सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. मुलगे सायकलने किंवा कोणाच्या दुचाकीवर मागे बसून घरी पोहोचतात. मुलीला दिवे नसलेल्या रस्त्याने अंधारात येऊ न देणाऱ्या आईवडिलांना मागासलेले म्हणणे मला पटत नाही.

दुसरे कारण समजायला मला, पुरुष प्रशिक्षक म्हणून, दोन वर्षे लागली. महिन्यातून काही दिवस ‘पोट दुखते’ म्हणून बसून राहणाऱ्या मुलींना मी आळशी समजत होतो. शाळेतल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की, मैदानाजवळच्या स्वच्छतागृहाला संध्याकाळी कुलूप असते आणि आत पाणीही नसते.

हा प्रकार आमच्यापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. २०१६ पर्यंतच्या, १४६ देशांतील माहितीच्या आधारे तिने काढलेल्या अंदाजानुसार ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करत नाहीत. मुलींत हे प्रमाण ८५ टक्के, मुलग्यांत ७८ टक्के आहे.

शाळेचा वाटाही कमी नाही. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. शिवाय आपल्याकडे संघटित खेळ म्हणजे निवड: चारशे मुलांतून बारा नावे तालुक्याच्या स्पर्धेला जातात आणि उरलेल्यांचा खेळ त्या यादीपाशीच संपतो. दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण मिळतात तेही या पुढे गेलेल्यांनाच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे दोघेही महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात आमच्या मातीच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या मुलांना बसवून ठेवण्यापलीकडे माझी तयारी नव्हती, ही चूक माझी.

यंदा दोन बदल केले. सराव सकाळी साडेनऊला घेतो, कारण वाड्यांकडून येणारी गाडी सव्वानऊला पोहोचते आणि शाळा साडेदहाला भरते. आणि शनिवारी निवड न करता, येतील त्या सर्वांचे संघ पाडून सामने लावतो. सरावाला चार मुली येत होत्या, आता तेरा येतात. स्वच्छतागृहाची किल्ली मात्र अजून दहालाच मिळते. मुख्याध्यापकांकडे त्यासाठी तिसरा अर्ज दिला आहे.