मागचं चाक उड्या मारतंय? आधी सबफ्रेमचे बुश बघ

भावा, क्लच सोडून ॲक्सिलरेटर दाबला की मागून धडधडधड येतं आणि अख्खी गाडी हलते ना, तेच व्हील हॉप, तसं झालं की लगेच पाय काढ, कारण टायर पकडतो, रबरी बुश (सांध्यात बसवलेली, धक्का खाणारी रबरी गादी) पिळला जातो, मग टायर सुटतो आणि बुश झटक्यात सरळ होतो, असं परत परत, आणि सगळा मार डिफ (डिफरन्शियल, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअर) आणि ॲक्सलवर. माझा एक ॲक्सल असाच तुटलाय म्हणून कळकळीने सांगतोय.

आधी टायरचं प्रेशर आणि मागचे शॉक ॲब्सॉर्बर बघ, शॉक गळत असेल तर कितीही कडक बुश घाल, उपयोग नाही. मग सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन जिच्यावर बसतं ती चौकट) बुश, नंतर डिफचे, मग आर्मचे (चाकाला चौकटीशी जोडणारे दांडे). सगळं एकदम नको, कशाने फरक पडला ते कळणारच नाही. रबर साधारण ५० ते ७० शोअर ए (कडकपणाचं माप), पॉलियुरेथेन म्हणजे पॉली ८० ते ९५, म्हणजे जास्त कडक, त्यामुळे डिफचा आवाज थोडा आत येणारच. रोज रत्नागिरी-पावस करणार असशील तर ॲल्युमिनियमच्या बुशच्या नादी लागू नको.

आपल्याकडे खारा वारा, सबफ्रेमचे बोल्ट आतून गंजून घट्ट धरलेले असतात, दोन दिवस आधीपासून गंज सोडवायचं तेल मारत राहा. पॉलीला सिलिकॉन ग्रीस भरपूर लाव, पावसाळ्यानंतर किरकिर आली तर परत लाव. आणि जे रबरी बुश ठेवशील त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे टाइट कर, जॅकवर चाक लटकत असताना केलेस तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.