बाल्कनीतले ४३ आणि पणजीचे ३५: घरी तापमानाची नोंद ठेवताना

म्हापशाहून तुम्ही विचारलंय की पश्चिमेच्या बाल्कनीत कठड्यावर ठेवलेला डिजिटल थर्मामीटर दुपारी तीनला ४३.६ दाखवतो, मोबाइल ३४ सांगतो आणि संध्याकाळच्या बातम्यांत पणजीचं कमाल ३५ येतं. मग यातलं खरं कुठलं, आणि या उन्हाळ्यापासून घरी नोंद ठेवायची तर सुरुवात कुठून करू? मी फोंडा तालुक्यात घरामागच्या अंगणात सोळा वर्षं ही वही लिहितोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी ते ४३.६. यंत्र बिघडलेलं नाही, लगेच नवीन घ्यायला धावू नका. त्याच्यावर थेट ऊन आहे, खाली तापलेला कठडा आहे, मागे धग टाकणारी भिंत आहे. या सगळ्यांत त्या प्लास्टिकच्या डबीचं जे काही झालं, तो आकडा तुम्हाला दिसतो. वेधशाळेचा आकडा सावलीतल्या, खेळत्या हवेचा असतो. तिथे थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या पेटीत जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतात, पेटीत ऊन शिरत नाही पण वारा शिरतो. टॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने ही पेटी एकोणिसाव्या शतकात तयार केली, आणि त्याचा मूळ धंदा दीपगृहं बांधायचा होता. मोबाइलवरचा आकडा तर बहुतेक वेळा संगणकाने काही किलोमीटरच्या चौकटीसाठी काढलेला अंदाज असतो. तुमच्या वाड्यावर कोणी थर्मामीटर घेऊन बसलेलं नाही.

म्हणून यंत्र कुठलं घ्यावं यापेक्षा ते कुठे टांगावं यावर जास्त वेळ घालवा. पुस्तकांत आणि व्हिडिओंत एक सल्ला हमखास मिळतो: उत्तरेच्या भिंतीवर लावा, तिथे ऊन येत नाही. हा सल्ला युरोपातला आहे. आपण साडेपंधरा अक्षांशावर राहतो. एक-दोन मेच्या सुमारास भर माध्यान्ही सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतात ती तेव्हाच. त्यानंतर थेट अकरा ऑगस्टच्या आसपासपर्यंत तो माध्यान्हीसुद्धा आपल्या उत्तरेलाच असतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर एकवीस मार्च उलटला की उत्तरेच्या भिंतीवर यायला लागतं. म्हणजे ज्या दिवसांची नोंद तुम्हाला सर्वांत जास्त हवी, नेमक्या त्याच दिवसांत ती भिंत तापते. आणि आपलं माध्यान्ह घड्याळात बाराला नसतं, साडेबाराच्या पुढे असतं. सावली तपासायची ती तेव्हा तपासा.

भिंतीचं मी अनुभवाने सांगतो. पहिली दोन वर्षं माझा थर्मामीटर स्वयंपाकघराच्या मागच्या चिऱ्याच्या भिंतीला खिळ्यावर होता. ऊन कधीच लागत नव्हतं, वर कौलांची पडवी होती, म्हणून मी निर्धास्त होतो. दुपारचे आकडे बरे यायचे, पण रात्री नऊ-दहालाही पारा उतरायचा नाही. आमच्याकडे रात्री फार तापतात असंच मी दोन उन्हाळे धरून चाललो. मग एकदा वीज गेली म्हणून रात्री अंगणात खाट टाकली आणि सहज दुसरा थर्मामीटर पेरूच्या फांदीला अडकवला. भिंतीवरचा ३०.५, फांदीवरचा २७.५. मधलं अंतर दहा पावलं. तळहात चिऱ्यावर ठेवला तर चिरा अजून कोमट होता. दिवसभर दुसऱ्या बाजूने खाल्लेलं ऊन ती भिंत रात्री परत करत होती. त्या दोन वर्षांच्या किमान तापमानावर मी लाल शाईने रेघ मारली, पण पानं फाडली नाहीत. तुम्हीही चुकलेली नोंद कधी पुसू नका, शेजारी कारण लिहा.

आता तुमच्याकडे काय करता येईल? इमारतीला मागे मोकळी जागा असेल आणि सोसायटी परवानगी देत असेल तर माती किंवा गवत असलेल्या भागात एक जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप पुरा आणि दीड मीटरवर सेन्सर लावा. काँक्रीट, पेव्हर, गाड्यांचं पार्किंग, एसीचं बाहेरचं युनिट यांपासून जमेल तितकं लांब. बाल्कनीशिवाय पर्यायच नसेल तर कठड्यापासून निदान हातभर बाहेर आडव्या नळीवर टांगा. तो आकडा वेधशाळेशी जुळणार नाही, पण एकाच जागेवर वर्षानुवर्षं राहिला तर कालच्यापेक्षा आज किती, गेल्या मार्चपेक्षा या मार्चमध्ये किती, हे तो प्रामाणिकपणे सांगेल. जागा हलवली की मात्र ती मालिका तुटली.

पेटी सुताराकडून करून घ्यायची गरज नाही. कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सात-आठ बश्या आणा. वरच्या दोन अखंड ठेवा, बाकीच्यांना मध्ये सेन्सर मावेल एवढं भोक पाडा. तीन लांब बोल्टांवर त्या पालथ्या ओवा, प्रत्येक दोन बश्यांत दीड-दोन सेंटिमीटर फट राहील असे नळीचे तुकडे घाला. सेन्सर मधोमध लोंबता हवा, बशीला टेकता कामा नये. आपल्या उन्हात हे प्लास्टिक दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळं पडून तडकतं, तेव्हा बदला. दर रविवारी आत डोकावायचं. कोळ्याचं जाळं झालं की वारा अडतो, आणि हुमल्यांनी, म्हणजे मुंग्यांनी, घर केलं तर सेन्सर गेलाच म्हणून समजा.

पेटी नीट झाली की नाही हे ओळखायची माझी रीत अशी. ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी तुमचा आणि पणजीचा फरक बघा आणि तोच फरक निरभ्र, वारा पडलेल्या दुपारी बघा. पहिल्या दिवशी अर्धा अंश आणि दुसऱ्या दिवशी चार अंश येत असेल, तर तुमच्या पेटीत अजून ऊन मोजलं जातंय. दोन्ही दिवशी फरक साधारण सारखाच असेल तर तो तुमच्या जागेचा गुण आहे, त्याला हात लावू नका.

काचेचा थर्मामीटर असेल तर थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घालून दहा मिनिटं बुडवा, शून्यावर यायला हवा. डिजिटल बुडवू नका. त्याची आर्द्रता तपासायला बरणीत मिठाचा ओलसर चिखल करा, सेन्सर वर अधांतरी ठेवून झाकण घट्ट लावा आणि रात्रभर राहू द्या. साध्या मिठावर बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. ७१ आले तर चार कमी दाखवतो असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता उष्णतेच्या लाटेकडे येतो, कारण नोंदीची खरी गोडी मला तिथेच वाटते. किनारी ठिकाणी कमाल तापमान निदान ३७ झालं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त वर असलं, तर हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. मैदानी भागासाठी ही किमान पायरी ४० आहे. आपल्याकडे हा प्रसंग भर मेऐवजी बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्येच येतो. मार्च २०२३ आठवत असेल, शाळा बाराच्या आत सोडायचा आदेश निघाला होता. या दिवसांत पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो. पठारावरून येणारी ही हवा घाट उतरताना दर शंभर मीटरला साधारण एक अंश तापते आणि समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला रोखून धरते. खारे वारे अकराला आले तर दिवस ३३ वर निभावतो, दोन वाजेपर्यंत अडले तर तोच दिवस ३७ गाठतो.

म्हणून माझ्या वहीत कमाल-किमानच्या शेजारी एक रकाना खास आहे: वारा फिरल्याची वेळ. यंत्र लागत नाही, माड बघायचे. सकाळपासून झावळ्या पश्चिमेकडे कललेल्या असतात. मग दहा-पंधरा मिनिटं सगळं निपचित पडतं, तेव्हाचा उकाडा सर्वांत वाईट. आणि मग एकदम शेंडे पूर्वेकडे वळतात, सुकत टाकलेले कपडे उलट्या बाजूला फुगतात. त्या क्षणी पेटीकडे गेलात तर वीस मिनिटांत पारा दीड-दोन अंश उतरताना आणि आर्द्रता सरसर चढताना दिसेल. हा बदल तुमच्या म्हापशात किती वाजता होतो, आमच्याकडे आत किती उशिरा, घाटाच्या पायथ्याशी वाळपईला पोचतो का, हे घराघरांतून लिहिलं गेलं तर त्याचं मोल मोठं आहे. एका वेधशाळेच्या एका आकड्यात ते मावत नाही.

त्यासोबत आर्द्रता लिहाच. ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असलेल्या मार्चच्या दुपारी वेट बल्बचं, म्हणजे ओली चिंधी गुंडाळलेल्या थर्मामीटरचं, तापमान २३ च्या आसपास येतं. ३४ अंश आणि ६० टक्के असलेल्या मेच्या दुपारी ते साडेसत्तावीसच्या पुढे जातं. शरीर घाम वाळवून थंड होतं, आणि अशा मेच्या दुपारी तो नीट वाळत नाही. बातमीत ३४ पाहून लोक म्हणतात आज बरं आहे, आणि भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, काम करणारा माणूस मात्र त्याच दिवशी चक्कर येऊन बसतो. वेट बल्ब घरी मोजता येतो. दुसऱ्या काचेच्या थर्मामीटरच्या टोकाला जुन्या, धुतलेल्या मलमलीची चिंधी गुंडाळा, तिचं शेपूट डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीत सोडा, पंख्याने तीन-चार मिनिटं वारा घाला आणि सर्वांत खालचा आकडा घ्या. किनाऱ्याजवळ चिंधीवर खार बसतो, दर आठवड्याला बदला. घरात लहान मुलं असतील तर पाऱ्याचा न घेता लाल अल्कोहोलचा घ्या.

वेळेबद्दल थोडक्यात. खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला वाचन करा. तेव्हा दिसणारं किमान आजच्या तारखेला आणि कमाल कालच्या तारखेला लिहायचं, कारण ते काल दुपारचं असतं. नवीन माणसं इथे हमखास चुकतात आणि मग त्यांची लाट बातम्यांपेक्षा एक दिवस उशिरा येते. तुमचं यंत्र कमाल-किमान मध्यरात्री आपोआप पुसतं का, हेही बघून घ्या. पुसत असेल तर साडेआठचा नियम सोडा आणि त्याच्या दिवसाप्रमाणे चाला, पण तसं वहीत लिहा.

आणि किमान तापमानाचा कंटाळा करू नका. कमाल सगळेच विचारतात. पण पहाटे साडेपाचलाही २७ च्या खाली न उतरलेली रात्र, अशा सलग किती रात्री गेल्या, हे पत्र्याखाली झोपणाऱ्याला विचारा. ते आकडे माझ्या वहीतून मी आजवर सर्वांत जास्त वेळा उलगडून पाहिलेत.

या आठवड्यात एवढं करा: बश्या आणा, जागा ठरवा आणि तिचे चारही दिशांनी चार फोटो मला पाठवा, त्यातला एक दुपारी साडेबाराचा. सावली कुठे पडते ते बघून नळी कुठल्या बाजूला काढायची ते सांगतो.