केसपेपरवर ‘गाडी घसरली’ लिहिलंय, जबड्यात प्लेटा आहेत. आता दावा होईल का?

प्रश्न : माझे वय २९. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. चार महिन्यांपूर्वी दुचाकीवरून जाताना एका मोटारीने इंडिकेटर न देता वळण घेतले आणि मला उडवले. डोक्यावर अर्धे हेल्मेट होते. खालचा जबडा डावीकडे हनुवटीजवळ आणि उजवीकडे कानापुढच्या सांध्यापाशी मोडला. पुढे प्लेटा बसवल्या, तीन आठवडे दात तारेने बांधले होते. वरचे पुढचे दोन दात गेले, शेजारच्याचे रूट कॅनाल झाले. खालचा ओठ डावीकडे अजून बधिर आहे. ‘पोलिसांत जाऊ नका, खर्च मी करतो’ असे मोटारमालक म्हणाला, म्हणून भावाने रुग्णालयात ‘गाडी घसरली’ असे सांगितले. मालकाने रुग्णालयात ७० हजार भरले आणि नोटरीपुढे ‘माझी तक्रार नाही’ असे लिहून घेतले. आता तो फोन उचलत नाही. इम्प्लांटचा खर्च मेडिक्लेमवाल्यांनी ‘कॉस्मेटिक’ म्हणून नाकारला. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी कॅलेंडर काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाली आहे. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर राहू नका. तुमच्या हातात दोन महिने आहेत. ‘जबडा पूर्ण बरा होऊ दे, अपंगत्व किती ते कळू दे, मग बघू’ या विचारात बरेच दावे अडकतात. अर्ज आत्ता दाखल करायचा आणि अपंगत्वाचा पुरावा साक्षीच्या टप्प्यावर आणायचा. अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा काम करता तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे, यांपैकी कुठेही तो चालतो. चालक, मालक आणि त्या मोटारीची विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले करा. विमा कंपनीचे नाव गाडीच्या नंबरवरून एमपरिवहन ॲपवर मिळेल.

त्या नोटरीच्या कागदाची तुम्हाला वाटते तेवढी धास्ती घेऊ नका. हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे ‘गंभीर दुखापत’ आहे. त्यासाठी एक दातही पुरतो. हयगयीने वाहन चालवून अशी दुखापत केली तर कलम २८१ आणि १२५(ब) लागते, आणि दोघांनी आपसात कागद केला म्हणून तो गुन्हा पुसला जात नाही. मात्र मिळालेले ७० हजार अर्जात स्वतःहून लिहा. ती रक्कम भरपाईतून वजा होईल, इतकेच. लपवलीत आणि उलटतपासणीत बाहेर आली, तर तुमच्या बाकीच्या साक्षीवरचाही विश्वास उडेल.

खरे दुखणे आहे ते ‘गाडी घसरली’ या दोन शब्दांचे. विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी तेच वाचून दाखवणार. रुग्णालयात जाऊन ‘साहेब, तेवढं बदलून द्या’ असे चुकूनही म्हणू नका. खाडाखोड झालेला केसपेपर मूळ चुकीपेक्षा जास्त नुकसान करतो. उलट दाखल झाल्यापासूनचे सगळे कागद जसेच्या तसे लेखी अर्ज देऊन मागा. ते ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. माहिती कोणी दिली त्याचे नाव कागदावर बहुधा असते. ती भावाने दिली असेल तर भावाला साक्षीला आणा आणि का दिली ते त्याने सरळ सांगावे. दावा प्रकरणात गुन्ह्यासारखा ‘निःसंशय’ पुरावा लागत नाही. काय घडले असण्याची शक्यता जास्त, एवढेच पाहिले जाते.

आणि तुमच्या बाजूने बोलणारा पुरावा आहे. घसरून पडलेल्या अनोळखी माणसाच्या उपचाराला कोणी ७० हजार देत नाही. ते पैसे मालकाच्या यूपीआयवरून गेले असतील तर रुग्णालयाची पावती आणि व्यवहाराचा क्रमांक काढा. ‘केस करू नका’ अशा अर्थाचे व्हॉट्सॲप संदेश असतील तर तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका, आणि संदेशांसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडा. तो नोटरीचा कागदही आता तुमच्याच कामाचा आहे : त्यात अपघाताची तारीख आणि त्याच्या गाडीचा नंबर असेल तर तो त्याने स्वतःच दिलेला पुरावा ठरतो. आणखी एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मालकाने बंपर किंवा दरवाजा विम्यातून दुरुस्त करून घेतला असेल, तर त्या क्लेम फॉर्मवर अपघात कसा झाला हे त्याने लिहिलेले असते. तो फॉर्म मागवण्यासाठी न्यायाधिकरणात अर्ज करा.

एफआयआर उशिरा झाला म्हणून दावा बुडत नाही. रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आहे, फक्त उशिराचे कारण पटले पाहिजे. याच आठवड्यात पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या आणि पोच घ्या. घेतली नाही तर पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि तरीही काही हलले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. या सगळ्याची वाट पाहत दाव्याचा अर्ज मात्र थांबवू नका.

आता जबड्याकडे येतो, कारण पैसे इथे ठरणार आहेत. चेहऱ्याच्या दुखापतीत लोक व्रणाचे फोटो घेऊन येतात. फोटो द्याच, पण तुमचा दावा चेहरा कसा दिसतो यावर उभा करू नका, तोंड काय करू शकत नाही यावर करा. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकतात आणि खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून रीडखाली येतो. नेमके तेच दोन दात गेले आणि त्याच ओठाची अर्धी जाणीव गेली. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की शरीराचे अपंगत्व किती टक्के हा एक प्रश्न आणि कमाईची ताकद किती गेली हा दुसरा. डावा हात गेला तर कारकून काही ना काही काम करू शकतो. सुताराचे मात्र जवळपास सगळेच जाते.

याचा हिशेब करून बघा. महिना सरासरी १८ हजार कमाई धरली तर वर्षाचे २,१६,०००. तुमच्या वयाला, स्वतःच्या कामासाठी, भविष्यातील वाढ ४० टक्के धरतात : ३,०२,४००. वय २६ ते ३० साठी गुणक १७, म्हणून ५१,४०,८००. कोणी तुमच्या अपंगत्वाचे १० टक्के लिहून दिले आणि न्यायाधिकरणाने तेच कमाईला लावले, तर हाती येतात ५,१४,०८०. कमाईची हानी ४० टक्के सिद्ध झाली तर २०,५६,३२०. एवढा फरक एका डॉक्टरच्या साक्षीने पडतो.

म्हणून प्रमाणपत्र ज्याने ऑपरेशन केले त्याच मुख-जबडा सर्जनकडून घ्या आणि ते साक्षीला येतील ना, हे आधीच विचारा. ‘फ्रॅक्चर जबडा, १० टक्के’ अशा एका ओळीच्या कागदाला काही किंमत नाही. त्यात पुढील गोष्टी हव्यात. तोंड किती मिलिमीटर उघडते : मोठ्या माणसाचे साधारण ४० उघडते, पण हे माप वरच्या-खालच्या मधल्या दातांच्या कडांमध्ये घेतात आणि तुमचे वरचे मधले दातच नाहीत, तेव्हा कोणत्या दातापासून मोजले ते लिहून घ्या. तोंड उघडताना जबडा उजवीकडे सरकतो का. दात एकमेकांवर पूर्वीसारखे बसतात का. ओठाच्या बधिर भागाचा आराखडा, टाचणीची आणि हलक्या स्पर्शाची तपासणी करून. दातांचे क्रमांक, म्हणजे ११ आणि २१ गेले, १२ चे रूट कॅनाल झाले, असे. ‘पुढचे काही दात’ असे मोघम लिहिले तर विमा कंपनी त्यातून सोयीचा अर्थ काढते. आणि जमल्यास क्लॅरिनेट घेऊनच तपासणीला जा. ओठाच्या कोपऱ्यातून हवा सुटते का, सूर किती वेळ धरता येतो, हे डॉक्टरांनी डोळ्यांनी बघून नोंदवलेले बरे.

बधिरपणाबद्दल एक युक्तिवाद हमखास येतो : ‘ही नस ऑपरेशनमध्ये दुखावली, अपघातात नाही.’ हनुवटीच्या बाजूला जिथे प्लेटा बसतात, तिथूनच ओठाची नस बाहेर येते, त्यामुळे युक्तिवाद अगदी हवेतला नाही. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत ‘ओठ बधिर’ अशी नोंद आहे का ते बघा. असेल तर विषयच संपला. नसेल तरी ते ऑपरेशन अपघातामुळेच करावे लागले, हा मुद्दा उरतोच. अशी नस सुधारायला वर्ष-दीड वर्षही लागू शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी करून नोंद ठेवा. दुसरा हमखास युक्तिवाद, ‘दात आधीच हिरड्यांच्या रोगाने हलत होते.’ त्याला उत्तर अपघातानंतर लगेच काढलेल्या ओपीजीमध्ये, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, सापडते. बाकीच्या दातांभोवतीचे हाड शाबूत दिसत असेल तर त्यावर दंतवैद्याचे मत घ्या.

पुढचा खर्च याच दाव्यात मागायचा आहे. एकदा अंतिम निकाल झाला की पुन्हा येऊन ‘आणखी लागले’ म्हणता येत नाही. नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या निकालात न्यायालयाने हे सांगितले आणि त्याच निकालात, योग्य असेल तर मागितल्यापेक्षा जास्त रक्कमही देता येते असे म्हटले. दंतवैद्याकडून टप्प्याटप्प्याचा लेखी अंदाज घ्या : हाड कमी असेल तर हाडाचे रोपण, दोन इम्प्लांट, हाडात ते घट्ट व्हायला लागणारे तीन ते सहा महिने, मग कॅप, काही वर्षांनी कॅप बदलणे. १२ नंबरचा दातही त्यात धरा, कारण मार लागलेल्या दाताचे मूळ पुढे काही वर्षांत झिजू शकते. आणि इम्प्लांट बसला म्हणजे तुमचे वाजवणे परत आले असे नाही, हे अंदाजपत्रकात एका वाक्यात लिहून घ्या. मूळ दाताभोवती दाब जाणवून देणारा जो पडदा असतो तो इम्प्लांटला नसतो.

कमाईचा पुरावा हा बँडवाल्यांचा जुना प्रश्न. सुपारीची वही, बँडमालकाची साक्ष, बिदागी यूपीआयवर आली असेल तर दोन लग्नसराईंचे बँक स्टेटमेंट, एवढे जमवा. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने आकडा धरते आणि तो क्वचितच तुमच्या खऱ्या कमाईएवढा असतो.

अर्धे हेल्मेट हा तुमचा कच्चा दुवा. हनुवटी त्याने झाकत नाही आणि मोडली हनुवटीच. हेल्मेटचा दोष धरायचा तर त्याचा दुखापतीशी संबंध विमा कंपनीने दाखवायचा असतो. नियम मोडला म्हणून आपोआप रक्कम कापता येत नाही, हे २०२०च्या मोहम्मद सिद्दिकी निकालावरून मांडता येईल. तरी थोडी टक्केवारी कापली जाऊ शकते, हे धरून चला. धडक मोटारीच्या चुकीने झाली, हा मुद्दा त्याने बदलत नाही.

मध्येच कंपनीचा माणूस कलम १६४ खाली अडीच लाख घेऊन येऊ शकतो. गंभीर दुखापतीला चूक सिद्ध न करता मिळणारी ती ठरीव रक्कम आहे. ती स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपतो. तुमच्या दुखापतीला ती पुरणारी नाही, तेव्हा ती घेऊ नका आणि न वाचता कशावरही सही करू नका.

मेडिक्लेमचे वेगळे आहे. प्रमाणित अटींमध्ये कॉस्मेटिक उपचारांना पैसे नसले तरी ‘अपघातानंतरची पुनर्रचना’ त्या बंदीतून बाहेर ठेवलेली असते, म्हणजे नकाराचे ते कारण टिकत नाही. मात्र इम्प्लांट दाखल न होता बाह्यरुग्ण म्हणून करतात आणि तो खर्च पॉलिसीत आहे का, ते शब्द वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे, नकारानंतर एका वर्षाच्या आत. ऑपरेशनचे पैसे मेडिक्लेममधून मिळाले असतील तरी ते दाव्यात मागा : मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५मध्ये ती रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही असा निर्णय दिला आहे. मूळ बिले मेडिक्लेमच्या फाइलमध्ये अडकलेली असतील, तर त्यांच्याकडून शिक्क्यानिशी प्रती आणि मंजुरीचे पत्र मागवून ठेवा. तारा काढताना दातांचे प्लॅस्टरचे साचे घेतले असतील, तर तेही दंतवैद्याकडून मागून घ्या. दवाखान्यात ते फार दिवस ठेवत नाहीत.