प्लॅटिनमला मुद्दाम गंधक का देतात?

प्रश्न : गंधक हे प्लॅटिनम उत्प्रेरकाचे विष आहे, असे पाठ्यपुस्तकात वाचले. मग सक्रिय कार्बनवरील प्लॅटिनमला काही ठिकाणी मुद्दाम गंधक का देतात, आणि असा उत्प्रेरक तयार करताना ते केव्हा व किती द्यावे?

उत्तर : पाठ्यपुस्तकातले विधान बरोबर आहे, मात्र हे विष प्लॅटिनमला पूर्ण निकामी करते की नको त्या अभिक्रियेपुरते अडवते, हे मात्रेवर ठरते. पॅरा-क्लोरोनायट्रोबेंझीनपासून पॅरा-क्लोरोॲनिलीन मिळवायचे असते, तेव्हा साधे प्लॅटिनम नायट्रो गटाचे क्षपण (म्हणजे हायड्रोजनने त्याचे ॲमिनो गटात रूपांतर) करता करता क्लोरीनही काढून टाकते; मग उत्पादनात ॲनिलीन मिसळते आणि सुटलेले हायड्रोजन क्लोराइड पोलादी पात्र खाऊ लागते. गंधक प्लॅटिनमच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून लगतच्या मोकळ्या अणूंचे समूह तोडते, त्यामुळे क्लोरीन बऱ्याच अंशी जागेवर राहतो आणि नायट्रो गटाचे क्षपण चालू राहते. ते मंदावते, म्हणून तापमान व दाब वाढवावा लागतो. शुद्ध उत्पादनासाठी हे सोसण्यासारखे आहे, असे माझे मत आहे.

तयारीत सर्वांत महत्त्वाचा आहे तो क्रम. ५ टक्के प्लॅटिनमचा १०० ग्रॅम उत्प्रेरक करायचा, तर ९५ ग्रॅम कार्बन पाण्यात ढवळत ठेवून त्यात क्लोरोप्लॅटिनिक आम्लाचे द्रावण हळूहळू सोडतात. हे आम्ल षड्जलीय (प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सहा रेणू असलेल्या) स्फटिकांच्या रूपात असेल तर सुमारे १३.३ ग्रॅम लागते. थोडे मिश्रण गाळून पाहावे : गाळलेल्या पाण्यातला पिवळा-नारिंगी रंग गेला, तर प्लॅटिनम कार्बनने धरले आहे. त्यानंतर सोडियम कार्बोनेटने द्रावण अल्कधर्मी करून फॉर्माल्डिहाइडने, गरम करून, क्षपण करतात. मग धुणे, आणि येथे घाई अजिबात करू नये. धुतलेल्या पाण्यात नायट्रिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर पांढरा गढूळपणा येईनासा होईपर्यंत, म्हणजे क्लोराइड निघून जाईपर्यंत, धूत राहावे.

गंधक द्यायचे ते यानंतर. सोडियम सल्फाइडचे विरल द्रावण, किंवा हायड्रोजन सल्फाइड वायू, ढवळत्या मिश्रणात मोजून सोडतात. ५ ग्रॅम प्लॅटिनमला अणूस अणू या हिशेबाने सुमारे ०.८२ ग्रॅम गंधक पडते. परंतु सगळे अणू पृष्ठभागावर नसल्याने पुष्कळदा त्याहून कमी मात्राही पुरते, म्हणून लहान घाण्यांवर चाचणी घेऊनच ती ठरवावी.

हायड्रोजन सल्फाइडबाबत एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास जास्त प्रमाणात नाकाला कळेनासा होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे समजणे जिवावर बेतू शकते. सोडियम सल्फाइड वापरतानाही त्यात आम्ल पडले की हाच वायू सुटतो. म्हणून हे काम धूरपेटीत (वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) आणि वायुदर्शक यंत्र चालू ठेवूनच करावे. तयार उत्प्रेरक ओलसरच साठवावा. हायड्रोजन शोषलेला कोरडा उत्प्रेरक हवेत, विशेषतः मेथॅनॉलची वाफ जवळ असताना, पेट घेऊ शकतो.