सिनेमाला पैसे देणारे सगळे हक्क मागतायत, सही करू का?

तुम्ही लिहिलंय की खानापूरच्या बाजूला मराठी सिनेमा करायलाय, ओळखीचे एक व्यापारी १५ लाख द्यायला तयार आहेत, पण त्यांना सिनेमाचे सगळे हक्क स्वतःच्या नावावर लिहून पाहिजेत आणि वर सही केलेले दोन कोरे चेक. पैसे जरूर घ्या, पण त्या कागदावर अजिबात सही करू नका. मी बेळगावात वकिलांच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करतो, असले करार बरेच बघितलेत म्हणून कळकळीनं सांगायलोय.

आधी ते कर्ज देतायत की भागीदार होतायत हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. कर्ज असेल तर सिनेमा पडला तरी मुद्दल आणि व्याज तुम्ही द्यायचं, भागीदारी असेल तर नफ्यासारखा तोटाही दोघांचा. आपल्याकडच्या कागदात काय असतं, वर लिहिलेलं असतं कर्ज आणि खाली कुठल्या तरी कलमात 'सदर चित्रपटाचे थिएटर, टीव्ही, ओटीटी, ऑडिओ, डबिंग व रिमेकचे सर्व हक्क कायमस्वरूपी लिहून घेणार यांचेकडे राहतील'. म्हणजे पैसे व्याजासकट फेडले तरी सिनेमा त्यांचाच. 'कायमस्वरूपी' हा शब्द आधी खोडायला लावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं धरतात, पण एकदा 'कायमस्वरूपी' लिहून दिलं की हे संरक्षण गेलंच.

दुसरं, निर्माता म्हणून नाव तुमचंच राहू दे. कायद्यानं सिनेमाचा कर्ता निर्माता असतो, दिग्दर्शक नाही, आणि तो हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो. करारात, सेन्सॉरच्या अर्जात, पोस्टरवर सगळीकडे एकच नाव पाहिजे. त्यांना मान हवा असेल तर 'प्रस्तुतकर्ता' म्हणून मोठ्या अक्षरात टाका की.

त्यांना सिक्युरिटी लागणार हे बरोबरच आहे, एवढे पैसे कोण नुसत्या शब्दावर देईल. मग असं लिहा की सिनेमाच्या कमाईतून पहिली वसुली त्यांची, रक्कम फिटेपर्यंत त्यांच्या एनओसीशिवाय हक्क कुणाला विकणार नाही, आणि रक्कम फिटली की ठराविक दिवसांत एनओसी द्यायची. शहाणा माणूस याला नाही म्हणत नाही, जो म्हणतो त्याचा डोळा व्याजावर नसून सिनेमावर आहे असं समजा.

कोरे चेक मात्र नकोच. सही करून स्वखुशीनं दिलेला कोरा चेक समोरच्यानं भरला तरी तो देण्यापोटीच दिलाय असं कोर्ट आधी धरून चालतं, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तसं स्पष्ट सांगितलंय, उलटं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. बाउन्स झाला आणि गुन्हा शाबीत झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही. द्यायचाच असेल तर रक्कम भरून द्या आणि चेक नंबर करारात लिहा. पैसेही बँकेतूनच घ्या, २०,००० किंवा जास्त रोख कर्ज इन्कम टॅक्सला चालत नाही, घेतलं तर तेवढाच दंड लागू शकतो.

कथा, पटकथा, गाणी ज्यांची आहेत त्यांच्याकडून लेखी घ्या, मित्र असला तरी. ओटीटीवाले पहिल्यांदा हीच कागदं मागतात. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीनंतर लिहून घेता येत नाही, त्यामुळे 'एकदाच पैसे दिले, विषय संपला' असलं कलम त्यांच्या करारात घालू नका.

आणि शेवटचं पान नीट वाचा. 'वाद झाल्यास फक्त मुंबई येथील न्यायालय' असं असेल तर तिथं बेळगाव करून घ्या. पुढं कुणी तुमचा सिनेमा ढापला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे राहत्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात जाता येतं, पण करारावरून भांडण लागलं तर आधी करारातलं हे न्यायालयाचं कलमच बघतात, आणि प्रत्येक तारखेला मुंबई गाठणं तुमच्या बजेटात बसणारं नाही.