दुरुस्तीआधी दगडाची नोंद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावच्या प्राचीन मंदिराचा जीर्णोद्धार लवकरच सुरू होणार असून खांबांवरचा चुना व ऑइलपेंट वाळूच्या फवाऱ्याने काढण्याचे ठरले आहे. त्याआधी लेसर स्कॅनिंग करून घ्यावे का? (एक वाचक, जुन्नर तालुका)

उत्तर : अवश्य करून घ्यावे, आणि वाळूचा फवारा मात्र थांबवावा, ही कळकळीची विनंती. आपला बेसॉल्ट, म्हणजे काळा दगड, कठीण असला तरी ऊनपावसाने झिजलेला त्याचा वरचा पापुद्रा नाजूक असतो, आणि छिन्नीचे घाव व उथळ अक्षरे त्याच पापुद्र्यात असल्यामुळे रंगाबरोबर तीही कायमची निघून जातात. मंदिर संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीखेरीज कशालाही हात लावता येत नाही.

स्कॅनर तिपाईवर उभा राहून स्वतःभोवती फिरतो आणि लेसरचा प्रकाश दगडावर आपटून परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. दहा मीटरवरच्या खांबासाठी हा वेळ सुमारे ६७ नॅनोसेकंद असतो. अशी लाखो मापे एकत्र आली की खांबाचा बिंदूंनी बनलेला आकार संगणकावर उभा राहतो. मात्र यंत्राला जे समोर दिसते तेवढेच मोजले जाते. खांबाची मागची बाजू किंवा कोनाड्याची आतली कड रिकामीच राहते, म्हणून यंत्र अनेक जागी हलवावे लागते आणि सर्व जागांची मापे जुळवण्यासाठी मंडपात पांढरे गोळे मांडून ठेवतात. ते गोळे मध्येच कोणी सरकवले, तर जुळणी बिघडते. काम कोरड्या दिवसांत उरकावे, कारण ओला काळा दगड प्रकाश शोषून घेतो आणि नोंदीत भोके पडतात.

प्रश्न : लेसरमुळे कोरीव कामाला इजा होते का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : नाही. मोजणीचा लेसर अतिशय क्षीण असतो. दगडावरची काजळी उडवण्यासाठी वापरतात तो शक्तिशाली लेसर निराळा, आणि तो प्रशिक्षित संवर्धकानेच हाताळायचा असतो.

प्रश्न : गावाकडच्या वीरगळांची नोंद मोबाइलवर करता येईल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : करता येईल, आणि जरूर करावी. शेताच्या बांधावर पडलेल्या वीरगळासाठी महागडा स्कॅनर कोण आणणार? ढगाळ दिवशी, सावली एकसारखी असताना, वीरगळाभोवती फिरत असे फोटो काढा की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान दोन तृतीयांश भाग येईल. शेजारी मोजपट्टी ठेवायला विसरू नका, कारण तिच्याशिवाय आकार मिळतो, माप मिळत नाही. संगणक या फोटोंवरून त्रिमिती प्रतिकृती बनवतो. मग त्या प्रतिकृतीवर कडेने तिरपा प्रकाश टाकला, की नुसत्या डोळ्यांना न दिसणारी तलवारीची मूठही कधीकधी उमटून येते.

प्रश्न : सगळ्याची डिजिटल प्रत झाली, तर मूळ वास्तूवर इतका खर्च कशाला? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : स्कॅन ही त्या दिवशीच्या स्थितीची नोंद असते आणि तिने छतातून झिरपणारे पाणी थांबत नाही. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे स्कॅनिंग कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आधीच करून ठेवले होते. २०१९ च्या आगीनंतर पुनर्बांधणीला त्या मोजमापांचा आधार मिळाला, तरी जळालेले ओकचे वासे नव्याने तासावेच लागले. पाताळेश्वर किंवा कार्ल्याच्या लेण्यांसारख्या ठिकाणी खरा उपयोग दोन नोंदींच्या तुलनेत आहे. तेच स्थिर खुणेचे बिंदू धरून काही वर्षांनी पुन्हा मोजले, की तडा रुंदावला का आणि कोणत्या बाजूने, हे कळते आणि दुरुस्ती नेमक्या जागी करता येते.

याच कारणासाठी जुनी नोंद वाचता आली पाहिजे. एका कामात मला आधीच्या मोजणीची हार्ड डिस्क मिळाली, पण त्यातल्या फाइली एकाच कंपनीच्या बंद पडलेल्या प्रणालीत उघडणाऱ्या होत्या आणि यंत्र कुठे उभे केले होते याचा नकाशाही नव्हता. सगळी मोजणी पुन्हा करावी लागली. म्हणून काम देतानाच मूळ मापे ई-५७ सारख्या खुल्या, म्हणजे एकाच कंपनीच्या प्रणालीवर अवलंबून नसलेल्या, फाइल-स्वरूपात, खुणेच्या बिंदूंच्या नकाशासह आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्यासाठी दोन प्रतींत मिळतील, अशी अट करारात घालावी.