जेवलं नाही, थांबू की निघू?

प्रश्न : आमचं घर देवरुखजवळच्या एका वाडीत आहे. बंड्या नावाचा साडेचार वर्षांचा बोका आहे, नसबंदी केलेला, अंगाने अंमळ जास्तच. गेल्या वर्षी आमची जुनी भाटी आजारी पडली, तेव्हा ‘मांजर आहे, गवत खाईल, आपोआप बरी होईल’ असं सगळे म्हणाले. ती माळ्यावर जाऊन बसायची, पण मांडीवर घेतली की घुरघुरायची, म्हणून बरी वाटली. दुसऱ्या रात्री गेली. तेव्हापासून बंड्या नुसता शिंकला तरी माझ्या पोटात गोळा येतो. मांजरांचे डॉक्टर रत्नागिरीला, एसटीने दीड तास. पावसाळ्यात एकदा नेलं, तर तिथे टेबलावर हा टुणटुणीत! घरात आठवडाभर माझी थट्टा चालली होती. मागच्या महिन्यात दिवसभर जेवला नाही, तेव्हा ह्यांनी तापाची अर्धी गोळी द्यायचं सुचवलं. मी दिली नाही. नेमकं थांबायचं कधी आणि निघायचं कधी?
– देवरुखहून एक वाचक

उत्तर : ताई, गोळी दिली नाहीत हे फार बरं केलंत. पॅरासिटामॉल आपल्याला साधं औषध वाटतं, पण ते निकामी करून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. 500 मिलिग्रॅमची एक गोळी चांगल्या धष्टपुष्ट बोक्याचाही जीव घेऊ शकते. तेव्हा अर्धी नाही, पाव नाही, पाण्यात विरघळवून चमचाभरही नाही. कुणी चुकून दिलीच, तर लक्षणं दिसेपर्यंत बसून राहू नका. तिच्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. आणि ताप आहे हे ठरवलं कशावरून? कान चाचपून? मांजराचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, 100.5 ते 102.5 फॅरनहाइट. माणसाला ज्या आकड्यावर आपण रजा टाकायला लावू, त्या आकड्यावर मांजर मजेत असतं.

तुमच्या भाटीला काय झालं होतं हे पत्रावरून मला सांगता येणार नाही. पण घुरघुरीबद्दल सांगते. मांजर सुखात असलं की घुरघुरतं, तसंच दुखत असलं, घाबरलं असलं तरीही घुरघुरतं. माझ्या टेबलावर मोडक्या पायाने घुरघुरणारी मांजरं येतात. त्यामुळे घुरघुर हा पुरावा धरू नका. माळ्यावर जाऊन बसणं हा पुरावा धरा. पायात घोटाळणारं मांजर कपाटामागे बसायला लागलं, अंग चाटेनासं झालं, केस पिंजारलेले दिसू लागले, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पांढरा पडदा वर आला, की काहीतरी बिनसलंय.

टुणटुणीत होण्याचंही तसंच. अनोळखी जागा, कुत्र्याचा वास, एसटीचे धक्के. एवढ्यावर कुठलंही मांजर कान टवकारून बसेल. ती भीती आहे, तब्येत नव्हे. पुढच्या वेळी घरी तो जसा बसतो, चालतो, श्वास घेतो, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. मला तरी तो अर्ध्या तपासणीइतका उपयोगी पडतो. थट्टा करणाऱ्यांनाही तोच दाखवा.

आता बोक्यांच्या बाबतीतली एक गोष्ट, जिच्यासाठी मी मध्यरात्रीही दार उघडते. उन्हाळ्यात एक कुटुंब पिवळा बोका घेऊन आलं होतं. ‘दोन दिवस शौचाला होत नाही, सारखा वाळूत जाऊन बसतो, कुंथतो, म्हणून एरंडेल पाजलं.’ पोटाखाली हात घातला, तर मूत्राशय कच्च्या पेरूसारखं टणक. शौच नव्हे, लघवी अडली होती. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाला फार अरुंद असतो. लघवीतले खडे, चिकट द्रव यांचा बोळा तिथे अडकतो. लघवी आत साचली की मूत्रपिंडं काम थांबवतात, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि शेवटी हृदय बंद पडतं. पूर्ण अडलं तर हा सगळा खेळ एक-दोन दिवसांचा. त्या बोक्याला भूल देऊन नळी घातली, लालभडक लघवी निघाली, सलाईनवर ठेवावा लागला, वाचला.

बद्धकोष्ठ की लघवी, हे घरी ओळखायच्या फंदात पडू नका, बसण्याची ढब अगदी सारखी असते. बोका आहे आणि पुन्हापुन्हा बसूनही काही होत नाही, थेंबच पडतोय, मोरीत किंवा अंथरुणात भलतीकडेच बसतोय, ओरडतोय, मागची जागा सारखी चाटतोय, तर लघवी अडली असंच धरून निघा. सकाळची वाट बघू नका आणि पोट दाबून बघू नका. बंड्यासारखे नसबंदी झालेले, सुस्त, कोरडा खाऊ खाणारे आणि पाणी कमी पिणारे बोके यात जास्त सापडतात.

वाडीतली अडचण मला ठाऊक आहे. बंड्या परड्यात जाऊन माती उकरत असणार, त्याला लघवी झाली की नाही हे तुम्हाला दिसणार कसं? म्हणून तब्येतीचा जरासा संशय आला, की पहिलं काम म्हणजे त्याला एका खोलीत कोंडा. खोक्यात वाळू किंवा फाडलेला पेपर ठेवा, पाणी ठेवा, खाणं मोजून ठेवा. संध्याकाळपर्यंत निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

जेवणाचा हिशोब दिवसांत नको, तासांत करा. मोठं मांजर एक वेळ जेवलं नाही, पण हिंडतंय, पाणी पितंय, लघवी-शी ठीक आहे, तर पुढच्या जेवणापर्यंत खुशाल थांबा. थोडा बांगडा उकडून, काटे काढून, कोमटच समोर ठेवा. वासाने बरीच मांजरं विरघळतात. त्यालाही तोंड लावलं नाही आणि 24 तास पोटात काही गेलं नाही, तर फोन करा. दोन दिवस कधीही होऊ देऊ नका, जाड मांजराच्या बाबतीत तर नाहीच. उपाशी राहिल्यावर त्याच्या अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते, मग यकृतच बिघडतं आणि मूळ दुखणं बरं झालं तरी मांजर जेवेनासं होतं. माणसाला लंघन मानवत असेल, मांजराला नाही.

एखादी शिंक, एखादी उलटी, केसांचा गोळा ओकून लगेच ताटलीकडे धाव, एखाद वेळची पातळ शी (बहुतेकदा कुणीतरी वाटीभर दूध पाजलेलं असतं), यांना थांबता येतं. दिवसात तीन-चार उलट्या झाल्या, किंवा उलटी आणि उपास जोडीने आले, तर नाही. आपल्याकडे एक खास कारण असतं, गजऱ्याचा नाहीतर देवाच्या हाराचा दोरा. मांजर तो चघळतं, दोरा जिभेखाली अडकतो आणि दुसरं टोक आतड्यात जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतडं कापलं जातं. तसंच घेऊन या.

श्वास मात्र घड्याळ लावून मोजायला शिका. गाढ झोपेत छाती वर-खाली झाली की एक. मिनिटाला 30 च्या आत असावं. स्वस्थ पडलेलं असताना 40 च्या वर गेलं तर फोन. तोंड उघडून धापा टाकणारं मांजर, एकाएकी मागचे पाय लुळे पडलेलं मांजर, पांढऱ्या किंवा निळसर हिरड्यांचं मांजर, यांच्यासाठी एसटीची वाट न बघता रिक्षा करा.

आणि महिन्यातून एकदा वजन. आधी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन घटणं म्हणजे साठ किलोच्या बाईचं सहा किलो घटणं. केसांमुळे डोळ्यांना ते कळत नाही.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात येतात ते मुख्यतः गाई-बैल, तरी तिथले डॉक्टर बहुतेकदा आमच्यासारखेच पशुवैद्यकाचे पदवीधर असतात. ताप बघणं, सलाईन, इंजेक्शन तिथे होऊ शकतं. ‘बोक्याला नळी घालता का?’ एवढं आजच, बंड्या धडधाकट असताना विचारून ठेवा. नाही म्हणाले तर रत्नागिरीच्या डॉक्टरांना निघण्याआधी फोन. न्यायला पिशवी नको. भाजीच्या दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधा आणि वरून पंचा टाका.

प्रश्न : मांजराचं दोन महिन्यांचं पिल्लू रस्त्यावरून उचलून आणलंय. काल रात्रीपासून उलट्या, कशालाच तोंड लावत नाही, मलूल पडून आहे. उद्या रविवार. सोमवारी नेलं तर चालेल?
– पनवेलहून एक वाचक

उत्तर : नाही. हा ईमेल वाचल्याबरोबर तुम्हाला फोनवर सांगितलं तेच इतरांसाठी छापायला देते आहे. एवढ्या पिल्लाच्या अंगात साखरेची शिल्लक नसते, अर्धा दिवसही उपाशी काढणं त्याला जड जातं. शिवाय लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि ग्लानी म्हटलं की पहिली शंका पॅनल्युकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूच्या आजाराची. नेईपर्यंत उबेत ठेवा, तोंडात बळजबरीने दूध ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. घरात दुसरं मांजर असेल तर पिल्लाची भांडी, खोली, टॉवेल वेगळे करा आणि त्या दुसऱ्या मांजराला लस द्यायला हवी का हे डॉक्टरांना त्याच फेरीत विचारा. हा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो. फरशी ब्लीचने पुसा, तीसेक भाग पाण्यात एक भाग, आणि पूर्ण वाळल्याशिवाय मांजराला आत सोडू नका. फिनाईल वापरू नका, पाय चाटताना ते मांजराच्या पोटात जातं.